दोनशे पानी वहीतली अठ्ठावीस पानं कुणी खाल्ली?

दोनशे पानी वहीत दोनशे पानं नसतात. हैदराबादच्या दिलसुखनगरातल्या कुठल्याही पालकाला हे सांगितलं तर तो मान डोलावतो, आणि जून उजाडला की दुकानात जाऊन पुन्हा दोनशे पानीच मागतो. दुकानदारही दोनशे पानी म्हणूनच काढून देतो. खरा आकडा मागच्या कव्हरवर, बारकोडच्या शेजारी, चष्मा लावल्याशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत छापलेला असतो : १७२. कुठे १७६, कुठे १८०. शंभर पानी म्हणून जी मिळते ती ९२ वर थांबते, पुष्कळदा ७६ वरच. या आकड्याखाली आणखी बारीक एक ओळ सापडते, की एकूण पानांत अनुक्रमणिका आणि छापील मजकुराची पानंही धरली आहेत. म्हणजे नाव, इयत्ता, तुकडी लिहायचं पानसुद्धा अभ्यासाच्या पानांत मोजलं आणि त्याचे पैसे पालकाकडून वसूल केले.

याला मी फसवणूक म्हणते. आकडा छापलाय ना, मग फसवणूक कसली, असा युक्तिवाद मला ऐकवू नका. गिऱ्हाइकाला कळावं म्हणून छापलेला आकडा कुठे असतो आणि उद्या कुणी तक्रार केली तर अंग झटकता यावं म्हणून छापलेला कुठे असतो, हे न सांगता कळतं. पुढच्या बाजूला कार्टून, चकचकीत रंग, कंपनीचं नाव. पानांचा आकडा मागे, कोपऱ्यात, अंगठ्याखाली झाकला जाईल असा.

मी गणित शिकवते, त्यामुळे हिशेब मांडूनच बोलते. एक मोठा कागद मधोमध दुमडून पिन मारली की त्याची चार पानं होतात. दोनशे पानांना असे ५० कागद लागतात, १७२ पानांना ४३. सात कागद काढून घेतले. २८ पानं गेली, शेकडा १४. आता स्पर्धा परीक्षेची तयारी करणारं एखादं पोर घ्या. सगळ्या विषयांच्या नोट्सना त्याला १४०० पानं लागतात असं धरू. वही खरोखरच दोनशेची असती तर सातात भागलं असतं. १७२ च्या आठ घेतल्या तर १३७६ पानं होतात, २४ कमी पडतात, म्हणजे नववी घ्यावीच लागते. सातच्या जागी नऊ. वहीची किंमत एका पैशाने वाढवली नाही असं कंपनी छातीठोकपणे सांगू शकते, आणि या पोराचा वह्यांचा खर्च सव्वापटीच्या वर गेलेला असतो.

हे झालं पानांचं. कागदाचं वेगळं. कागदाचं वजन जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम भरतो. २४ बाय १८ सेंटीमीटरची वही घ्या. दोनशे पानं म्हणजे या आकाराचे शंभर कागद, एकूण ४.३२ चौरस मीटर. ६० जीएसएमचा कागद वापरला तर कव्हर सोडून २५९ ग्रॅम भरतात. त्याच आकाराची १७२ पानी वही ५४ जीएसएमच्या कागदाची केली की उरतात २०१ ग्रॅम. अठ्ठावन्न ग्रॅम कागद गेला, पाचव्या हिश्शाहून जास्त. डोळ्यांना दोन्ही वह्या सारख्याच दिसतात, कारण आता कव्हरचा पुठ्ठा जाड आणि गुळगुळीत असतो. जिथे लिहायचं तिथे पातळ कागद, जिथे मिरवायचं तिथे जाड.

माझ्या टेबलावर दोन वह्या आहेत. एक माझ्या मुलीची, ती शाळेत असतानाची, माळ्यावरून काढलेली. दुसरी याच जूनमध्ये मेट्रो स्टेशनखालच्या एका दुकानातून घेतलेली. दोन्हींना दोनशे पानीच म्हणतात. एकमेकींवर ठेवल्या की नवी वही उंचीला बोटभर आत जाते. उघडल्या की आणखी दिसतं. जुनीत वरचा समास अरुंद आणि पहिली ओळ वरून सुरू होते. नवीत वर तारखेची चौकट, पानाचा क्रमांक, रंगीत पट्टी, आणि मग ओळी. खालीही मोकळी पट्टी. कागदाची उंची कापली ती कापली, उरलेल्या उंचीतलीही ओळ खाल्ली. जुन्या वहीत मुलीने शाईच्या पेनाने भूमितीचे सिद्धांत लिहिले आहेत, मागचं पान कोरं राहिलं आहे. नवीवर मी त्याच पेनाने त्रिकोण काढला तर तीनही बाजू मागे उमटल्या. त्यामुळे मुलं एका बाजूलाच लिहितात. ज्या वहीतली २८ पानं आधीच गेली, तिची उरलेली निम्मी अशी वाया जातात, आणि हा तोटा मागच्या कव्हरवर कुठल्याच आकड्यात सापडत नाही.

दुकानदाराला मी विचारलं. तो भला माणूस आहे, खरं तेच बोलला. "मॅडम, कंपनीच ऐसा भेज रई, हम क्या करते? पन्ने कौन गिनता?"

कुणीच मोजत नाही, हेच या धंद्याचं भांडवल.

दिलसुखनगर काय आहे हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मलकपेटकडून एलबी नगरला जाणाऱ्या रस्त्यावरचा हा भाग. डोक्यावर मेट्रो, खाली कोचिंग क्लासच्या पाट्यांवर पाट्या. चैतन्यपुरी, गड्डीअन्नारम, कोत्तपेट या गल्ल्यांतून हॉस्टेलं. बँकेची परीक्षा, रेल्वेची, पोलीस भरतीची, राज्यसेवेच्या ग्रुप वन, ग्रुप टूची तयारी करणारी पोरं तेलंगणाच्या जिल्ह्या-जिल्ह्यांतून इथे येतात. माझ्याकडे गणित विचारायला येणाऱ्यांत नांदेड, देगलूर, उदगीर, भालकीकडची मराठी पोरंही असतात. घरून महिन्याला ठरावीक पैसे येतात. त्यातून खोलीचं भाडं, मेसचं बिल, क्लासची फी, आणि जे उरतं त्यात वह्या आणि झेरॉक्स. कागद चोरणारे टिश्यूवालेही आहेत. पण टिश्यूच्या डब्यातून कागद कमी केले तर ज्याच्या घरी टिश्यूचा डबा येतो त्याचं फार बिघडत नाही. वही ज्याच्या पोटाला चिमटा काढून येते त्याच्या वहीतून पानं काढणं हे अधिक नीचपणाचं काम आहे, आणि मी ते तसंच म्हणणार.

टिश्यूवाल्यांची लबाडीही पाहून घ्या, कारण युक्ती एकच. डब्यावर २०० चा आकडा मोठा, आणि तो दोन पदरी कागदाचे पदर सुटे मोजून आलेला. हाताला येतात शंभरच. टॉयलेट रोलवर किती वेळा ओढता येईल तो आकडा असतो. एका ओढीला किती सेंटीमीटर कागद येतो हे शोधत बसा. अमेरिकेत एडगर ड्वोर्स्की नावाचे ग्राहकांचे वकील टॉयलेट रोलमधले कागद कसकसे घटत गेले हे वर्षानुवर्षे मोजून प्रसिद्ध करत आले आहेत. आपल्याकडे वह्यांसाठी असं कुणी केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. ग्राहक पंचायतीची चळवळ ज्या मराठी मुलखात बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली उभी केली, त्या मुलखातही शाळकरी वहीचं पान मोजायला कुणी बसलं नाही याचं मला वाईट वाटतं.

आता कायदा. वैध मापनशास्त्र कायदा २००९ चा, त्याखालचे आवेष्टित वस्तूंचे नियम २०११ चे. या नियमांत पूर्वी एक परिशिष्ट होतं. बिस्कीट, चहा, साबण अशा वस्तू ठरलेल्या वजनांतच विकायच्या, मधलं कुठलंही वजन चालणार नाही, असं त्यात होतं. २०२२ मध्ये ते परिशिष्टच काढून टाकलं. कंपनीने वाटेल त्या वजनाचा पुडा काढावा, फक्त एककाचा दर छापावा : ग्रॅमला किती, मिलिलिटरला किती, नगाला किती. कागदावर ही व्यवस्था वाईट नाही. दोन पुड्यांचा ग्रॅममागचा दर ताडून पाहिला की कोण लुबाडतोय ते कळतं. पण वही नगावर विकतात. एक वही, एक नग. एका नगाची किंमत म्हणजेच छापील किंमत, आणि छापील किंमत आणि एककाचा दर एकच असेल तर तो वेगळा छापायची गरज नाही अशी सूट नियमात आहे. झालं. दोनशे पानांची वही एक नग, दीडशेची एक नग, सत्तरचीही एक नग. ज्या नियमाने बिस्किटाच्या प्रत्येक ग्रॅमचा हिशेब द्यायला लावला त्याच नियमातून वही सहीसलामत बाहेर पडली. ही पळवाट बुजवायला संसदेत नवा कायदा आणावा लागत नाही, मंत्रालयाची एक अधिसूचना पुरते. ती निघत नाही, कारण मागणारं कुणी नाही.

एके काळी सरकारला वही ही महत्त्वाची वस्तू वाटत होती. १९७५ च्या वीस कलमी कार्यक्रमात विद्यार्थ्यांना नियंत्रित दराने पुस्तकं आणि लेखनसाहित्य देण्याचं कलम होतं. त्या काळाबद्दल माझ्या मनात कसलीही ओढ नाही, आणीबाणीचा तो कार्यक्रम होता. पण शाळकरी पोराच्या वहीची किंमत ही राज्यकर्त्याने डोकं घालायची गोष्ट आहे एवढं तरी त्यात मान्य केलेलं होतं. आता वहीशी पुढाऱ्याचा संबंध उरला तो कव्हरपुरता. मुंबई-पुण्याकडे जूनमध्ये स्वस्त वह्यांचे स्टॉल लागतात, कव्हरवर नगरसेवकाचा हसरा चेहरा असतो. तो जेवढी जागा अडवतो तेवढ्यात पानामागचा दर चारदा छापून होईल. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत धड्यांमागे कोरी पानं जोडली, वह्यांचं ओझं आणि खर्च कमी व्हावा म्हणून. जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला आणि ती पानंही गेली. मुलांनी वेगळ्या वह्या आणायच्या त्या आणायच्याच.

कारखानदारांचं म्हणणं मला ठाऊक आहे. लगदा महागला, रद्दी महागली, वीज महागली. खरं असेल. कागद कसा होतो आणि कारखाना कसा बसतो हे आम्हा हैदराबादच्या मराठी लोकांना कुणी सांगायला नको. नागपूरची गाडी पकडली की वाटेत सिरपूर कागजनगर लागतं, आणि चंद्रपूर जिल्ह्यात शिरलं की बल्लारशा. कागजनगर ही तर नावातच कागद असलेली वसाहत. निजामाच्या काळात उभी राहिलेली तिथली गिरणी २०१४ मध्ये बंद पडली, कामगारांची घरं उघड्यावर आली, आणि २०१८ मध्ये दुसऱ्या कंपनीने घेतल्यावर ती पुन्हा सुरू झाली. तेव्हा कागदाचा धंदा सोपा आहे असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे : महागलं असेल तर किंमत वाढवा आणि तोंडावर सांगा.

तसं करता येतं. शिवकाशीच्या काडेपेटीवाल्यांनी केलं आहे. १९९५ मध्ये काडेपेटी पन्नास पैशांची झाली, २००७ मध्ये रुपयाची. मग चौदा वर्षं रुपयाच. लाल फॉस्फरस किलोला ४२५ वरून ८१० रुपयांवर गेला, मेण महागलं, पेटीचा पुठ्ठाही महागला. काडेपेटी उत्पादकांच्या पाच संघटनांचे लोक एकत्र बसले आणि १ डिसेंबर २०२१ पासून पेटी दोन रुपयांची केल्याचं त्यांनी उघड जाहीर केलं. सगळ्या वर्तमानपत्रांत बातमी आली. किंमत दुप्पट करताना त्यांनी काड्या ३६ च्या ५० केल्या. हिशेब मांडला तर काडीमागे वाढ झाली चव्वेचाळीस टक्क्यांच्या आसपास, आणि तो हिशेब चौथीतलं पोरही करू शकतं कारण दोन्ही आकडे समोर होते. तुटपुंज्या नफ्यावर जगणारे काडेपेटीवाले जे धाडस करतात, ते मोठमोठ्या जाहिराती करणाऱ्या वही कंपन्यांना झेपत नाही?

त्यात आता जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्यांवरचा १२ टक्के कर शून्य झाला. वहीसाठी लागणाऱ्या कागदावरचाही शून्य. इतर बराचसा कागद मात्र १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. म्हणजे वही स्वस्त व्हायला हवी आणि झेरॉक्स महाग, आणि दिलसुखनगरात निम्मा अभ्यास झेरॉक्सवर चालतो. झेरॉक्सवाल्यांकडे पूर्वी ७५ जीएसएमचा कागद सर्रास दिसायचा, आता ७० चा दिसतो, कुठे त्याहून हलका. ते बाजूला ठेवू. वहीचं काय झालं? पुठ्ठा, शाई, तार यांवर भरलेल्या कराची वजावट कंपन्यांना आता मिळत नाही, त्यामुळे ११२ रुपयांच्या वहीवरचे पूर्ण बारा रुपये कमी होणार नाहीत हे मला मान्य आहे. पण जे काही कमी व्हायचं ते किमतीत कमी झालं की पानं काढून जिरवलं, हे तपासणार कोण? नफेखोरीविरुद्धच्या नव्या तक्रारी जीएसटीच्या यंत्रणेने १ एप्रिल २०२५ पासून घेणं बंद केलं. कर कमी व्हायला सहा महिनेही उरले नव्हते आणि दार लावून घेतलं. उरली राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथे फोन करून पोराने काय सांगायचं? की गेल्या वर्षी माझ्या वहीत किती पानं होती ते मी लिहून ठेवलं नाही?

दुसऱ्या देशांनी ही गोष्ट गिऱ्हाइकाच्या स्मरणशक्तीवर सोडलेली नाही. फ्रान्समध्ये १ जुलै २०२४ पासून ४०० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना मालाजवळ पाटी लावावी लागते, की या वस्तूचं माप घटलं आहे आणि तिचा एककाचा दर वाढला आहे. ही पाटी दोन महिने ठेवायची. दक्षिण कोरियाने त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून खाद्यपदार्थांबरोबर घरगुती वस्तूंनाही हा नियम लावला. माप कमी केलं तर तीन महिने जाहीर करायचं, नाही केलं तर पहिल्या वेळी ५० लाख वॉन दंड, पुन्हा केलं तर एक कोटी. हे देश काही व्यापाराचे शत्रू नाहीत.

आपल्याकडे रद्दीवाल्याकडे जाऊन पाहा. तो वही तराजूत टाकतो. किलोला इतके, एवढं वजन, हे घ्या पैसे. संपलेल्या वहीचं वजन होतं, नव्या वहीचं होत नाही. ज्या दुकानदाराच्या हातात गिऱ्हाईक पैसे ठेवतो त्याच्याकडे वजन-माप काही नाही, आणि मोडीत घालायच्या वेळी मात्र ग्रॅमचा हिशेब. मी माझ्याकडच्या पोरांना आता सांगते की पैसे द्यायच्या आधी मागचं कव्हर वाचा आणि पानं मोजा. उदगीरची एक मुलगी म्हणाली, "काकू, दुकानात गर्दी असते हो, मोजत बसायची लाज वाटते." तिची चूक नाही. चार रुपयांसाठी रांग अडवून धरणारी म्हणून तिच्याकडे बघतील. ती लाज तिला का वाटावी? वाटायला हवी ती आकडा लपवणाऱ्याला.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार मंत्रालयाकडे आणि तेलंगणाच्या वैध मापन विभागाकडे माझी मागणी अशी आहे. वहीच्या पुढच्या कव्हरवर, किमतीच्या शेजारी, किमतीएवढ्याच अक्षरांत चार गोष्टी छापल्या पाहिजेत : लिहिता येणाऱ्या पानांची संख्या, पानाचा आकार सेंटीमीटरमध्ये, कागदाचा जीएसएम, आणि पानामागचा दर पैशांत. अनुक्रमणिका आणि छापील पानं त्या संख्येत धरायची नाहीत. पानं घटवली तर पुढचे तीन महिने आधीची संख्या आणि आताची संख्या दोन्ही छापायच्या. दुकानदारानेही १७२ पानांच्या वहीला दोनशे पानी म्हणून विकायचं नाही, पाटीवर तसं लिहायचं नाही. शाळांनी स्वतःचं बोधचिन्ह छापून पालकांच्या गळ्यात मारलेल्या वह्यांना तर हे आधी लागू करा, कारण तिथे दुसरं दुकान गाठायची मुभाही नसते.

यावर कंपन्या म्हणतील की नवी छपाई म्हणजे नवा खर्च. दर जूनला कव्हरवरचं कार्टून बदलतं, क्रिकेटपटू बदलतो, मोटारगाडी बदलते. प्लेट दरवर्षी नवीच बनते. त्याच प्लेटवर ही ओळ बसते.